मागाच्या घरातली बोली

"हात, वडिवु. हात."

जेसिंथा मॅडमनी मान वर न करताच सांगितलं, आणि वडिवुने उचललेले दोन्ही हात पुन्हा मांडीखाली दाबले. समोर चटईवर साडेतीन वर्षांचा कदिर लाकडी प्राणी मांडून बसला होता. कानामागे मशीन, त्यातून निघालेली वायर आणि केसांत चिकटलेली गोल चकती. मॅडमनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरला आणि त्याच्याआडून विचारलं, "कदिर, हत्तीच्या मागे कोण लपलंय?"

कदिरने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग हत्तीकडे. "मांजर," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "मांजर झोपलं. हत्ती त्याला उठवतो."

"उठवतो," मॅडम वडिवुकडे वळल्या. "ऐकलंत ना? गेल्या महिन्यात नुसतं मांजर होतं. आता मांजर झोपायला लागलं, हत्ती उठवायला लागला. चौदा महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं म्हणून हे दिसतंय. चार वर्षांचा करून आणला असतात तर आज मांजरासाठीच झगडत बसलो असतो आपण."

वडिवुला आनंद झाला होता, अगदी पोटातून झाला होता, पण तो दाखवायचा कसा हे तिला कळेना. तिचा आनंद हातातून बाहेर पडायचा. मांडीखाली तिची बोटं वळवळत राहिली.

तेवढ्यात कदिर उठला, आईजवळ आला, तिचा पदर ओढला आणि मूठ मिटून अंगठा ओठांना लावला. वडिवु पिशवीतून पाण्याची बाटली काढायला वाकलीसुद्धा. वाकल्यावर तिच्या ध्यानात आलं की मॅडम पुठ्ठा तसाच धरून आपल्याकडे बघताहेत.

"हे कुठून आलं?" मॅडमनी विचारलं.

"रविवारी याची अक्का, माझी थोरली, आली होती."

"वाटलंच मला." मॅडमनी पुठ्ठा खाली ठेवला. "कदिर, काय हवं? तोंडाने सांग." कदिरने दोघींकडे पाहिलं, नाराज होऊन म्हणाला, "पाणी," आणि बाटली ओढून घेतली.

इरोडमधल्या त्या केंद्रात जेसिंथा मॅडम वीस-बावीस वर्षं अशा ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवत होत्या. बाई तापट, पण मनाची वाईट नव्हती. कदिरला शिंक आली तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आज त्यांनी वडिवुला खुर्ची दिली, स्वतः चटईवरच बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगं हुशार आहे. हुशार पोरं सोपी वाट धरतात. हाताने काम भागतंय म्हटल्यावर तोंड कशाला उघडेल ते? जूनमध्ये चारचौघांच्या शाळेत घालायचंय ना त्याला?"

"हो मॅडम. त्यासाठीच तर सगळं."

"मग मुलीला सांगा. याच्यासमोर हात चालवायचे नाहीत."

"मॅडम, ती दुसरं काय चालवणार?"

मॅडम चटईवरचे प्राणी गोळा करायला लागल्या. वडिवुनेच मग धीर केला. "बाहेर बाकावर बसलेली ती गोबी गावची बाई सांगत होती, काही ठिकाणी हात आणि तोंड दोन्ही शिकवतात म्हणून."

"शिकवतात. मी नाही म्हणत नाही. चांगलं शिकवतात. पण तिथं घरातली चार माणसं मिळून शिकतात. तुमच्याकडे आहे कोण? तुम्ही एकट्या. दिवसभर याच्या कानावर शब्द घालणाऱ्याही तुम्हीच. ते कराल की हात हलवाल?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मला दुष्ट म्हणा हवं तर. पण तिला नाही जमत म्हणालात तर काही महिने आणूच नका. तो शाळेत रुळला की मग काय ते बोलू देत दोघं."

बसमध्ये वडिवुला खिडकीजवळ जागा मिळाली. गप्प बसून विचार करायची सोय नव्हती. जागेपणी पोराच्या कानाशी बोलत राहायचं, हा मॅडमचा पहिला नियम. "ही बस. लाल बस. कंडक्टर आला. कंडक्टरने तिकीट फाडलं. आता बस थांबली. कोण चढलं? आजी चढली. आजीच्या टोपलीत काय आहे? फुलं आहेत." पलीकडच्या बाकावरच्या बाईने दोन-तीनदा वळून पाहिलं आणि शेवटी शेजारणीला म्हणाली, "माझ्या सुनेला हिच्याकडे पाठवते. आमची दिवसाला चार शब्द बोलत नाही."

वडिवुला हसू आलं आणि रडूही आलं. लग्नाआधी तिची ख्याती मुकी म्हणूनच होती. मुलगी बघायला आलेली एक मंडळी तर खरंच विचारून गेली होती की हिला वाचा आहे ना. ती बोलायची, पण मागाच्या घरातल्या माणसांसारखी बोलायची.

मागाच्या घरात जन्मलेल्याला हे सांगावं लागत नाही. कुमारपाळयममध्ये तिच्या माहेरी सहा यंत्रमाग होते आणि सासरी चार. सासर म्हणजे आत्याचंच घर. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, भिंतीअलीकडे माग. करंट असेपर्यंत धोटे इकडून तिकडे आपटत असतात, जमीन थरथरते, ताटातली आमटी हलते, आणि माणसाने माणसाच्या कानात ओरडलं तरी नुसते ओठ हललेले दिसतात. म्हणून तिथं कोणी ओरडत नाही. दोन बोटं फाकवली की सूत तुटलं. तळहात उलटा केला की कांडी संपली. अंगठा ओठाला लावला की पाणी, पिळदार मिशी काढून दाखवली की सूत देणारा व्यापारी आला. बायका चार मागांच्या पलीकडून एकमेकींच्या सासूची उणीदुणी काढतात, आणि सासू तिथंच पाठ करून कांड्या भरत बसलेली असते. वडिवु या बोलीत पटाईत होती. तिची थट्टा, तिचा राग, सगळं तिच्या दहा बोटांत होतं.

याच घरात तिची थोरली जन्मली. नाव ठेवलं तेनमोळी, म्हणजे मधासारखं बोलणारी. आत्याच्या सासूबाईंचं नाव होतं ते, हौसेने पुन्हा ठेवलं.

आणि पोर दृष्ट लागावी अशी होती. वर्षाची व्हायच्या आत ती हाताने दूध मागायची. दोन वर्षांची असताना तिसऱ्या मागाची कांडी संपलेली लांबून बघून बापाला तळहात उलटा करून दाखवायची. जमिनीवर पाय आपटला की कुठेही असली तरी वळून बघायची. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला पोर दाखवत सुटली होती. "आमच्या घराण्यात एवढ्या लवकर कोणी बोली उचलली नव्हती. मागावर बसायलाच जन्मलीये." बोलत नाही, असं कोणी म्हटलं की घरची माणसं हसायची. या घरात बोलतं कोण? वडिवुही हसली होती. ते हसणं तिला पुढे फार महाग पडलं. ज्याचं घरभर कौतुक चाललं होतं, तेच पोरीचं दुखणं होतं.

तेनमोळी चार वर्षांची होत आली होती तेव्हाची गोष्ट. भर दुपारी करंट गेला. चारी माग एकदम थांबले, शेजारच्यांचेही थांबले, सगळी पेठ चिडीचूप झाली. आत्या सुपारी कातरत होती. तिने पाठमोऱ्या नातीला हाक मारली. पुन्हा मारली. पोर दारात बसून चिंध्यांशी खेळत होती, ती खेळतच राहिली. आत्याने पितळी तांब्या उचलला आणि घडवंचीवर आपटला. वडिवु दचकली, तिचा नवरा नल्लशिवम दचकला, कोंबडी फडफडत पळाली. पोरीने मानसुद्धा हलवली नाही.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं नवससायास, वैद्य, कानात तेलं यांत गेली. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हटलं की कोणीतरी सांगायचं, मुलं उशिरा बोलतात, अमक्याचा मुलगा सहाव्या वर्षी बोलला. शेवटी कोइंबतूरला नेलं तेव्हा वडिवुच्या कडेवर चार महिन्यांचा कदिर होता. डॉक्टरांनी तेनमोळीला तपासलं, नवराबायकोचं नातं विचारलं, आणि मग समजावून सांगितलं. मेंदूत ऐकण्याची एक जागा असते. आवाज आलाच नाही तर ती जागा डोळे घेऊन टाकतात. नल्लशिवमला ते लगेच कळलं. "म्हणजे रिकामा माग पडू देत नाहीत," तो म्हणाला, "दुसऱ्याचा ताणा चढवतात."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "हिच्या मागावर दुसऱ्याचं कापड निम्मं विणून झालंय. आता मशीन बसवलं तरी आवाज पोचेल, पण त्याचे शब्द होणं कठीण आहे. सरकारी योजनेतही हिचं वय बसत नाही आता." मग त्यांनी वडिवुच्या कडेवर पाहिलं आणि म्हणाले, "याला तपासलंय का?"

अशी ती गोष्ट. अक्काच्या उशिरामुळे तंबीची, धाकट्या भावाची, वेळ साधली. नल्लशिवम हे चारचौघांत सांगायचा तेव्हा देवाची करणी म्हणून सांगायचा. वडिवुला त्या वाक्यात देव दिसायचा नाही. तिला दारात बसून चिंध्यांशी खेळणारी पाठमोरी पोर दिसायची.

कदिरचं ऑपरेशन झालं, मशीन लागलं, आणि जेसिंथा मॅडम एकदा घर बघायला म्हणून आल्या. दारातच त्यांनी कानावर हात ठेवले. इथं राहून मूल शिकणार नाही, त्या म्हणाल्या, त्याच्या मशीनला मागाचा खडखडाट आणि आईचा शब्द सारखाच. माग बंद ठेवायचे तर खायचं काय? म्हणून कावेरीवरचा पूल ओलांडून भवानीत, संगमेश्वराच्या देवळामागच्या शांत गल्लीत एक खोली घेतली. वडिवु आणि कदिर तिकडे. नल्लशिवम, आत्या, तेनमोळी आणि माग इकडे. पुलावर उभं राहिलं की दोन्ही गावं दिसतात. रविवारी माग बंद असायचे, तेव्हा बाप लेकीला मोपेडवर घालून घेऊन यायचा.

मॅडमकडून परतल्याचा तो दिवस शुक्रवार होता. मधला शनिवार वडिवुला सरता सरेना. तिने झाडलेली खोली पुन्हा झाडली. कदिरशी बोलता बोलता ती अर्ध्यातच गप्प व्हायची आणि तो विचारायचा, "अम्मा, मग?" रात्री तांदूळ भिजत घालताना तिच्या लक्षात आलं की आपण कधीच्या भिंतीकडे बघत हात हलवतोय. ती तेनमोळीला सांगायची तालीम करत होती. दहा प्रकारे करून झाली. हात चालवू नकोस, हे हातानेच सांगायचं होतं. तसं सांगायला तिच्या बोलीत खूण होती. आवर, असं मनगट धरून दाखवायचं. मागाजवळ चाळे करणाऱ्या पोराला दाखवतात तसं. ते तिला लेकीला दाखवायचं नव्हतं.

रविवारी दुपारी मोपेड आली. कदिर जेवून झोपला होता, मशीन उशाशी डबीत होतं. नल्लशिवमने चप्पल काढली, बायकोचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

तिने सांगितलं. तो खाली बसून पायाचं बोट चोळत राहिला. मग म्हणाला, "तूच सांग तिला. मला नाही जमायचं."

"बाप आहात ना?"

"म्हणूनच. ती माझ्याकडे बघायला लागली की मी हो म्हणतो. परवा म्हणाली माग मी चालवते, तर हो म्हणालो." उठता उठता तो थांबला. "तुझ्या माहेरच्या बायकांत राहिली असती तर हाताने बोलत बसली असती कोणाशी तरी. आमच्या घरात करंट गेला की सगळे तोंडाने बोलायला लागतात, तिला एकटीलाच काही फरक पडत नाही."

आतेभाऊ असलेल्या नवऱ्याला वडिवु तिकडच्या रीतीने लहानपणापासून मामा म्हणायची. आत्ता तिला तो त्या लहानपणच्या मामासारखाच वाटला, खोडी करून पळून जाणारा. "जा, चहा घेऊन या," ती म्हणाली. तो कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेला.

तेनमोळी कधीची वाट बघत होती. बाप गेला तशी ती आईसमोर मांडी घालून बसली आणि आठवड्याचं साचलेलं सगळं तिने एका दमात सांगायला घेतलं. नऊ वर्षांची पोर, हात कोपरापर्यंत सुताच्या कोंड्याने पांढरे. मांजर मागाच्या बीमखाली व्याली, तीन पिल्लं, एक आंधळं वाटतंय. अप्पाचा अंगठा चेमटला आणि अप्पा असा नाचला. आजी कांड्या भरता भरता झोपली आणि दोन कांड्या एकमेकींत गुंतल्या, आजीने दोष मांजराला दिला. आजीची झोप ती अशी काढून दाखवत होती की वडिवुला हसू आवरेना. हसता हसता तिला वाटलं, हिला बोलता येत नाही असं म्हणणाऱ्याची जीभ झडावी. एवढं रसाळ बोलणारी या दोन गावांत दुसरी नव्हती.

मग पोरीने शेवटी आपल्या गालाचा चिमटा घेतला. कदिरचं तिने ठेवलेलं नाव होतं ते. बाकी सगळे त्याचा उल्लेख करताना कानामागे बोट लावायचे. ती कधी लावत नसे. तिने तो मशीन लागायच्या आधीपासून पाहिला होता, गुबऱ्या गालांचा. कुठाय तो, तिने विचारलं. उठवू?

वडिवुने मान हलवली. आणि तिने सांगितलं. मनगट धरून नाही दाखवलं. सरळ सांगितलं, शक्य तितक्या हळू. कदिर तोंडाने बोलायला शिकतोय. हात दिसले की त्याचं तोंड थांबतं. तो तुझ्यासारखा हुशार आहे, हाताची बोली लगेच उचलतो. म्हणून तू आलीस की त्याच्याशी हात नाहीत. शाळेत जाईपर्यंत.

तेनमोळीने आईचे हात संपेपर्यंत पाहिले. मग विचारलं, तू?

मी पण नाही. मी त्याच्याशी हात मागे ठेवते.

माझ्याशी?

तुझ्याशी आहेत. तुझ्याशी कायम.

पोर विचारात पडली. बोटाने चटईचं एक सूत उकरत राहिली. वडिवुला वाटलं आता रडेल, आदळआपट करेल, आणि तिने ती केली असती तर वडिवुला बरंच वाटलं असतं. पण तिने वर पाहून अगदी साधेपणाने विचारलं, मी लहान होते तेव्हा तू हात मागे ठेवले होतेस?

वडिवुचे हात मांडीवर पडून राहिले. या प्रश्नाची तालीम तिने केली नव्हती. शेवटी ती म्हणाली, तेव्हा मला माहीत नव्हतं. तिला अजून सांगायचं होतं. की मला तुझे हात फार आवडायचे. मी कौतुक करत बसले. पण ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि हाताने तर नव्हतंच.

तेनमोळीने मान डोलावली, जणू एखादा हिशेब पटला. तेवढ्यात कदिर जागा झाला.

वडिवुने त्याला मांडीवर घेतलं, कानामागे मशीन अडकवलं, केसांत चाचपून चकती लावली. तो अजून झोपेतच होता. अक्का दिसली आणि झोप उडाली. तो मांडीवरून घसरला आणि दोन्ही हात वर करत तिच्याकडे धावला. तेनमोळीने पटकन आपले हात पाठीमागे नेले.

कदिर तिच्यासमोर उभा राहिला. "अक्का," तो म्हणाला, "मॅडमकडे हत्ती आहे. मोठा हत्ती."

तेनमोळी हसली. त्याचे ओठ बघत राहिली आणि हसत राहिली.

"मांजर झोपलं. हत्ती उठवतो." काही उत्तर नाही. त्याने अक्काच्या पाठीमागे वाकून तिचे हात शोधले. एक हात ओढला, तो परत मागे गेला. त्याने मग स्वतःच नाकापुढे हात लोंबकळवून सोंड केली आणि तिच्या तोंडापाशी नेली.

"कदिर," वडिवु म्हणाली. "तोंडाने, राजा. मशीन असताना हात नाहीत ना?"

हे वाक्य ती त्याला रोज सांगायची, पाणी मागताना, अंगरखा घालताना, फुगा हवा असताना. मशीन असताना हात नाहीत. कदिरने ते ऐकलं. आईकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. पोर आज्ञाधारक होतं, त्याने नियम मोडला नाही. त्याने केसांतली चकती ओढून काढली, कानामागचं मशीन काढलं, दोन्ही आईच्या ओंजळीत आणून ठेवलं. आता मशीन नव्हतं. तो वळला आणि दोन्ही हातांनी अक्काशी बोलायला लागला.

हत्ती आला. सोंड हलवली. मांजर गालावर हात ठेवून झोपलं. हत्तीने त्याला हळूच ढकललं. मांजर चिडलं. पाणी मागितलं, तेही सांगून झालं. लाल बस, फुलांची आजी, कंडक्टर. त्याला हे सगळं सांगायचं होतं हे वडिवुला माहीतच नव्हतं. बसमध्ये तिने घसा फोडून त्याच्या कानात भरलेलं सगळं तो आता अक्काच्या डोळ्यांपुढे ओतत होता. आणि तोंडातून आवाज येत नव्हता.

ओंजळीतलं मशीन घेऊन उठायला हवं होतं. पोराला धरून ते पुन्हा लावायला हवं होतं. जागेपणी मशीन काढू देऊ नका, एक घटकासुद्धा नाही, मॅडमचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. वडिवु उठली नाही. तिचा जीव एकदा याच्याकडे धावत होता, एकदा तिच्याकडे. दोन लेकरं तिच्यासमोर होती, त्यातलं एक सारखं बोलत होतं आणि एक पाठीमागे हात बांधून बसलं होतं. एवढंच तिला दिसत होतं. राहू दे, ती मनात म्हणाली. एवढी दुपार राहू दे. मॅडमना कोण सांगणार आहे?

तेनमोळीच्या तोंडावर हसू होतं, पण ती त्याच्या हातांकडे बघत नव्हती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. ते मिटलेले होते. मघाशी, हत्ती म्हणताना, ते हलत होते.

तिने पाठीमागचे हात पुढे आणले. वडिवुला वाटलं आता ती उत्तर देणार. तिने आपल्या गालाचा चिमटा घेतला, एकदाच. मग त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि धरूनच ठेवले. असे हात धरले की दोघांपैकी कोणालाच बोलता येत नाही. कदिर हसला, सोडवून घ्यायची धडपड केली, त्याला तो खेळ वाटला. मग तो शांत झाला आणि तिच्याकडे बघत राहिला.

एका हाताने त्याचे हात तसेच धरून तिने दुसरा हात आईपुढे केला. वडिवुने मूठ मिटली. पोरीने हात तसाच पुढे ठेवला, मोठ्या माणसाने धरावा तसा. वडिवुने मूठ उघडली.

तेनमोळीने मशीन त्याच्या कानामागे बसवलं. आई कसं बसवते हे तिने इतक्या रविवारी पाहिलं होतं. वायर कानावरून वळवली, केस बाजूला केले, चकती टेकवली. चकती जागेवर चिकटली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, गल्लीतला आवाज, कावळा, जे काय असेल ते. तिने त्याच्या कपाळावरचे केस नीट केले, उठली, आईकडे न बघता दारात गेली आणि चप्पल घातली.

वडिवुने हात उचलला. थांब, पणियारम केलेत, खाऊन जा. पण पोरीची पाठ फिरली होती आणि पाठीला सांगायची सोय नव्हती.

कोपऱ्यावर नल्लशिवम चहाचा ग्लास धरून मोपेडला टेकला होता. तेनमोळी त्याच्या दिशेने चालायला लागली.

"अक्का," कदिर उंबऱ्यात येऊन म्हणाला. मग मोठ्याने, "अक्का, कुठे चाललीस? इकडे ये." त्याने एवढ्या मोठ्याने कधी कोणाला हाक मारली नव्हती. शब्द कसे धुतल्यासारखे स्वच्छ होते. "अक्का, जाऊ नको. अक्का."

नळावर घागर लावलेल्या बायकांनी मागे वळून पाहिलं. समोरच्या ओट्यावर वाळवण राखणारी म्हातारी वळली. चहावाल्याने गाळणी धरलेला हात तसाच ठेवून मान उंचावली, नल्लशिवमच्या हातातला ग्लास ओठाशी जाता जाता थांबला. पोर पुन्हापुन्हा हाका मारत होतं आणि सगळी गल्ली त्याच्याकडे वळून बघत होती. तेनमोळी तेवढी सरळ पुढे चालत राहिली.